मुख्याध्यापक आपटे आणि न्यू इंग्लिश स्कूलचं नाव: एक प्रकरण अभ्यास

महाराष्ट्रात एसटीने कुठेही जा, तालुक्याच्या गावात शिरताना ‘न्यू इंग्लिश स्कूल’ अशी पाटी हमखास दिसते. पुढे मैदान, मागे वर्गखोल्यांची रांग, आणि बहुतेक ठिकाणी माध्यम मराठी. त्यात कुणाला काही खटकत नाही, कारण ते नाव आता ‘हायस्कूल’सारखं रुळून गेलंय. हे नाव ज्या शाळेने मोठं केलं ती पुण्यात १८८० च्या जानेवारीत भाड्याच्या जागेत सुरू झाली.

खाजगी शाळांच्या प्रमुखांशी ‘ब्रँडिंग’वर बोलायचं असेल तर मी याच शाळेचं प्रकरण समोर ठेवतो. तिला सरकारी मदत नव्हती आणि स्वतःची इमारतही नव्हती. नाव काढतील असे माजी विद्यार्थी असणं तर शक्यच नव्हतं. गावात सरकारी हायस्कूल होतं, दुसऱ्या खाजगी शाळाही होत्या. नव्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेची जबाबदारी घेणाऱ्या आजच्या मुख्याध्यापिकेला ही सुरुवात ओळखीची वाटेल.

अडचण एवढीच की ही हकीकत चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या चरित्रांत विखुरलेली आहे. तिथे शाळा म्हणजे थोर माणसांच्या आयुष्यातलं एक प्रकरण. शाळा रोज चालवणारे वामन शिवराम आपटे आपल्याला माहीत आहेत ते संस्कृत-इंग्रजी कोशामुळे. त्यांच्याकडे मुख्याध्यापक म्हणून फारसं कुणी पाहिलेलं नाही. मला ते या प्रकरणाचे मुख्य पात्र वाटतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. ‘ब्रँड’ला मराठीत जुना शब्द आहे: नाव. ‘त्या शाळेचं नाव आहे’ असं आपण म्हणतो. नाव होतं, नाव राखावं लागतं, नाव जातं. ‘नाव केलं’ असं आपण माणसाबद्दल म्हणतो, पण शाळेचं नाव ‘होतं’. ते दुसऱ्याच्या तोंडून होतं, स्वतः करता येत नाही. पुढचं सगळं या एका क्रियापदाभोवती फिरणार आहे.

पालकाला काय सांगितलं

विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून ‘निबंधमाला’ हे मासिक काढत होते आणि सरकारी शाळेत शिक्षक होते. रत्नागिरीला बदली झाली, आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. टिळक आणि आगरकर हे डेक्कन कॉलेजातले मित्र. सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घ्यायचं, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. महादेव बल्लाळ नामजोशी त्यांना मिळाले. पाठोपाठ आपटे आले. आगरकर एम. ए. उरकून १८८१ मध्ये रुजू झाले.

काळ कसा होता तेही पाहिलं पाहिजे. वासुदेव बळवंत फडके जुलै १८७९ मध्ये पकडले गेले होते. पुण्यात खाजगी शाळा काढण्याच्या कामात त्यांचाही हात होता. त्यानंतर सहा महिन्यांत पंचविशीच्या आतबाहेरची चार-पाच पोरं सरकारी नोकरी नाकारून शाळा काढतात, आणि त्यांचा म्होरक्या इंग्रजी राजवटीवर कडक लिहिणारा लेखक असतो. अशा शाळेत मुलगा घालताना बापाच्या मनात काय आलं असेल, ते कुठल्याही संस्थाचालकाला समजेल.

या बापाला शाळेने जे सांगितलं ते फार साधं होतं. मुलगा मॅट्रिक होईल, चांगला होईल, आणि फी तुमच्या आवाक्यात असेल. अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचाच होता, वेगळा काही नव्हता. राष्ट्रीय शिक्षणाची मोठी स्वप्नं संस्थापकांच्या मनात होती, आणि आपसात ते त्यावर रात्र रात्र वाद घालू शकत होते. पण पालकाच्या पदरात टाकायचं वचन त्यांनी पालकाच्याच गरजेतून उचललं. शाळेच्या नावातले दोन्ही शब्द, ‘न्यू’ आणि ‘इंग्लिश’, पालकाचे आहेत. मराठी गद्याला ताठ उभं करणाऱ्या माणसाने शाळेला इंग्रजी नाव दिलं याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याचं ज्यांच्या नावावर सांगितलं जातं, त्यांना पाटीवर काय लिहायचं हे नीट कळलं होतं.

हे वचन तपासता येण्याजोगं होतं. परीक्षा विद्यापीठ घेणार, निकाल बाहेर लागणार, आणि सरकारी शाळेची मुलं त्याच यादीत असणार. आज माझ्या हाती येणाऱ्या माहितीपत्रकांत ‘सर्वांगीण विकास’, ‘मूल्याधिष्ठित शिक्षण’, ‘जागतिक दर्जा’ असे शब्द असतात. ते खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण त्यातला एकही शब्द पालकाला वर्षअखेरीस पडताळून पाहता येत नाही, आणि जे पडताळता येत नाही त्यावर नाव होत नाही.

बावीस वर्षांचा सुपरिंटेंडेंट

आपट्यांचा जन्म १८५८ चा, सावंतवाडीकडचा. लहानपणीच आईवडील गेले. गरिबीत कोल्हापूरला शिकले, आणि १८७३ च्या मॅट्रिकला संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. मग डेक्कन कॉलेज, एम. ए. त्या काळात एवढ्या शिक्षणावर सरकारी खात्यात चांगली जागा मिळाली असती. ते या शाळेत आले आणि तिचे सुपरिंटेंडेंट, म्हणजे आजचे मुख्याध्यापक, झाले.

गरीब घरातला मुलगा विद्येच्या जोरावर विद्यापीठाच्या यादीत पहिला येऊ शकतो, हे शाळेचं वचन होतं. शाळेचा प्रमुख स्वतः तसाच वर आलेला होता. त्याला भाषण करून ते पटवावं लागत नव्हतं. पुढे काही वर्षांतच शाळेच्या मुलांनी हीच शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवायला सुरुवात केली. ज्या विषयात मुख्याध्यापकाचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्याच विषयात मुलं चमकली. हा योगायोग नव्हे.

१८८१ मध्ये आपट्यांनी संस्कृत रचनेवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढलं. हे पुस्तक अनेक पिढ्या वापरलं गेलं, आजही छापलं जातं. वर्गात रोज जे शिकवायचं त्याचंच ते पुस्तक. पण दूरच्या गावात ते उघडणाऱ्या मुलाला आणि त्याच्या मास्तरांना ते लिहिणारा माणूस कुठे शिकवतो हे कळत होतं. एखाद्या शाळेत गणिताच्या बाई उत्तम स्वाध्याय तयार करतात आणि ते कपाटात राहतात, हे पाहिलं की मला आपट्यांची आठवण येते. शाळेच्या प्रसिद्धीसाठी पैसे नसतील तर तिथून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट पहिल्या वर्षाअखेर ३३६ वर गेला. पाच वर्षांत तो हजारापलीकडे होता.

१८८२

प्रकरणाचा गाभा हे एक वर्ष आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

१८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू केले. शाळेचे शिक्षक सकाळी वर्ग घेत आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्र काढत. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’ पाहत. वर्तमानपत्रं शाळेची जाहिरात करण्यासाठी काढलेली नव्हती. तरी घराघरांत ज्यांचे लेख वाचले जातात ते लोक आपल्या पोराला शिकवतात, याचं वजन पडल्याशिवाय राहिलं नसेल. तसाच त्याचा धोकाही शाळेवर होता. आणि तो धोका एका वर्षात खरा ठरला.

कोल्हापूरच्या छत्रपतींना वाईट वागणूक मिळते आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर हाती आलेल्या पत्रांच्या आधारे या वर्तमानपत्रांत छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर वारले, वय एकतीस. १७ जुलैला टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघं मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, सुटले.

आता हे शाळेच्या बाजूने पाहू. अडीच वर्षांची शाळा. ज्याच्या नावावर ती उभी राहिली तो माणूस गेला. दोन नामवंत शिक्षक तुरुंगात, आणि तेही खोटी पत्रं छापल्याबद्दल. आज एखाद्या शाळेवर असं काही आलं तर पहिल्या तासात कुणी जनसंपर्क सल्लागार शोधेल, दुसरा कुणी दोघा शिक्षकांचे फोटो संकेतस्थळावरून काढायला सांगेल.

पण शाळा फुटली नाही. मला यात तीन गोष्टी दिसतात आणि तिन्ही सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपटे वर्गात होते. शाळेचा प्रमुख स्वतः वर्तमानपत्राचा संपादक नव्हता, त्यामुळे संपादकांवर खटला झाला तरी घंटा वाजायची थांबली नाही. आवाज उठवणारे वेगळे आणि शाळा सांभाळणारा वेगळा, अशी विभागणी कुणी ठरवून केली होती की आपसूक झाली, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र दिसतो. ज्या शाळांत प्रमुख स्वतःच शाळेचा चेहरा, प्रवक्ता आणि जाहिरातीतलं छायाचित्र होतो, तिथे प्रमुखावर आलेलं बालंट सरळ वर्गात शिरतं.

दुसरी गोष्ट, चूक कशात झाली आणि कशात झाली नाही हे लोकांना वेगळं करता आलं. पत्रं खोटी होती, पण आपल्या राजाबद्दलची कळकळ खोटी नव्हती. सुटून आल्यावर दोघांचं स्वागत झालं. बचावासाठी पैसा जमवायला कोल्हापुरात विद्यार्थ्यांनी नाटक केलं होतं. त्यात काम करणारा एक मुलगा गोपाळ कृष्ण गोखले. तीन वर्षांनी तो याच शाळेत शिक्षक म्हणून आला. चांगला शिक्षक जाहिरात देऊन मिळत नाही, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. गोखले जाहिरात वाचून आले नव्हते.

आणि तिसरी गोष्ट हंटर यांची. १८८२ मध्येच सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला. आपट्यांनी शाळेच्या वतीने आयोगापुढे साक्ष दिली. हंटर यांनी शाळा पाहिली, आणि सरकारी मदत न घेता ही शाळा सरकारी हायस्कुलांच्या तोडीस तोड आहे, इतकंच नव्हे तर परदेशांतल्या शाळांशीही तिची तुलना होऊ शकेल, अशा अर्थाची प्रशस्ती दिली. ज्या सरकारच्या न्यायालयाने शाळेच्या दोन शिक्षकांना शिक्षा दिली, त्याच सरकारच्या आयोगाच्या अध्यक्षाने त्याच वर्षी शाळेला शाबासकी दिली. यापुढे कुठली जाहिरात टिकेल? पण ती मागून मिळालेली नाही. हंटर आले तेव्हा दाखवण्यासारखं वर्गात होतं.

हे नाव कुणापर्यंत पोचलं नाही

त्याच आयोगापुढे, त्याच वर्षी, पुण्यातल्याच दुसऱ्या एका शिक्षकाने निवेदन दिलं. जोतीराव फुल्यांच्या निवेदनावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. टिळक-आगरकर सुटायला तेव्हा बरोबर एक आठवडा होता. फुल्यांचं म्हणणं असं की सरकारचा पैसा वरच्या थरांच्या उच्च शिक्षणावर जातो, आणि ज्यांच्या कष्टातून तो पैसा येतो त्या शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होते.

हे वाचल्यावर न्यू इंग्लिश स्कूलचं यश वेगळं दिसू लागतं. तिचं वचन ज्याला कळलं आणि परवडलं तो वर्ग मुख्यतः शिकलेल्या ब्राह्मण घरांचा होता. आवाक्यातली फीसुद्धा ज्याला मॅट्रिकपर्यंत मुलगा शेतातून मोकळा ठेवता येतो त्याच्याच आवाक्यातली. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांवर अतिशय बोचरी टीका केली होती. आणि तरी खटल्यात टिळक-आगरकर अडकले तेव्हा फुल्यांच्याच खटपटीने त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे दहा हजार रुपयांच्या जामिनाला उभे राहिले.

शाळेच्या प्रमुखांबरोबर बसतो तेव्हा मी या जागी मुद्दाम जास्त वेळ घेतो. आपल्या शाळेचं नाव कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या वस्तीत ते कुणी ऐकलेलंच नाही, याचा नकाशा फार थोड्यांनी काढलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांची आई शाळेबद्दल शेजारणीला काय सांगते, हे त्या शाळेच्या नावाचं खरं मोजमाप आहे. फाटकात उभ्या असलेल्या त्या बाईशी मुख्याध्यापक वर्षातून कितीदा बोलतात?

पंचाहत्तर रुपये

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. खाजगी व्यवस्थापनाखाली शाळा-कॉलेजं काढून शिक्षण सुलभ आणि स्वस्त करायचं, हा तिचा जाहीर हेतू. ‘स्वस्त’ हा शब्द हेतूतच घालण्याचं धैर्य मला फार आवडतं.

पण सोसायटीचं खरं बळ दुसऱ्या कागदात होतं. आजीव सभासद होणाऱ्या शिक्षकाने वीस वर्षं संस्थेत शिकवायचं, महिना पंचाहत्तर रुपये घ्यायचे, आणि संस्थेने त्याचा तीन हजारांचा विमा उतरवायचा. सुरुवातीच्या दिवसांत तर टिळक-चिपळूणकरांनी पगारच घेतला नव्हता. पुण्यात हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्या मुलाला शिकवणारा माणूस उद्या चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून जाणार नाही, एवढी खात्री पालकाला दुसरीकडे कुठे मिळणार होती? माझ्या मते न्यू इंग्लिश स्कूलचं नाव या करारावर उभं होतं. निकाल हे त्याचं फळ.

आज असा त्याग शिक्षकांकडून मागणं अन्याय होईल, आणि ज्या संस्था सेवेच्या नावाखाली अर्धा पगार देऊन पूर्ण रकमेवर सह्या घेतात त्यांनी या उदाहरणाला हातही लावू नये. पण करार हवाच. शिक्षकाला संस्थेने काय दिलं आणि त्याने काय कबूल केलं, हे लिखित आणि दोन्हीकडून पाळलेलं असलं की ते गावाला आपोआप कळतं. दर जूनमध्ये निम्मे शिक्षक बदलणाऱ्या शाळेने फ्लेक्सवर कितीही खर्च केला तरी पालक पहिला प्रश्न विचारतातच: गेल्या वर्षीच्या बाई कुठे गेल्या?

कॉलेजला नाव देताना मंडळींनी पुन्हा एकदा व्यवहार पाहिला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव कॉलेजला दिलं आणि २ जानेवारी १८८५ रोजी ते सुरू झालं. आपटे पहिले प्राचार्य झाले. डोंगरीहून सुटून सव्वादोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. नामजोशी निधीसाठी हिंडत होते, आणि संस्थानिकांना देणगी देताना सरकार काय म्हणेल ही धास्ती असायची. गव्हर्नरचं नाव त्या धास्तीवर उतारा होता. काहींना ही तडजोड वाटेल. मला वाटतं, पाटीवरचं नाव आणि शाळेचं नाव या दोन गोष्टी आहेत हे त्यांना शाळेच्या वेळीच समजलेलं होतं. पहिलं त्यांनी उदारपणे देऊन टाकलं.

फूट

मग तोच करार ताणला गेला. पगारवाढ द्यायची का, सभासदाने बाहेर कामं करून पैसे मिळवायचे का, संस्थेबाहेरच्या सार्वजनिक कामाला किती वेळ द्यायचा, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. टिळकांचा आग्रह संपूर्ण वाहून घेण्याचा, जेझुइट पाद्र्यांसारखा. आगरकर, आपटे, गोखले यांना ते तसंच्या तसं मान्य नव्हतं. त्यात सामाजिक सुधारणेचा वाद मिसळला. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. गोखल्यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतल्यावर गोष्ट टोकाला गेली. डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी सविस्तर निवेदन देऊन संस्था सोडली. त्या निवेदनात राग आहे, आणि आयुष्याचं स्वप्न हातातून सुटल्याचं दुःखही आहे.

कोण बरोबर होतं हा प्रश्न इथे मी सोडवत नाही. शाळेच्या प्रमुखाने पाहायचं ते वेगळं आहे. भांडण पैशाच्या नियमावर दिसलं, तरी ते शाळेच्या वचनाचा अर्थ काय यावरचं भांडण होतं. ते दाबलं गेलं नाही, कारणं कागदावर आली, आणि ज्याला राहणं पटलं नाही तो गेला. महाराष्ट्राचा सर्वांत गाजलेला शिक्षक शाळा सोडून गेला, तरी दुसऱ्या दिवशी गणिताचा तास कुणीतरी घेतलाच असणार.

आपटे ऑगस्ट १८९२ मध्ये वारले. वय चौतीस. त्यांचा मोठा कोश दोनच वर्षांपूर्वी बाहेर आला होता. आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये तेही गेले. १८९६ मध्ये नामजोशी गेले. सोळा वर्षांत सुरुवातीच्या पाचांपैकी एकही जण संस्थेत उरला नव्हता.

१८९९ मध्ये सोसायटीने साताऱ्याला शाळा काढली. तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल ठेवलं.